आखातातून कायमचं परतायचंय? मेडिक्लेम तीन वर्षं आधी घ्या

मस्कतमधल्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या पीआरओने रेसिडेंट कार्ड मागून घेतलं, तेव्हा त्याच्यासोबत मेडिकल कार्डही काढून द्यावं लागलं. सव्वीस वर्षं पाकिटात बसून त्याच्या कडा झिजल्या होत्या. माझी शुगर, दोघांच्या बीपीच्या गोळ्या, बायकोचे गुडघे, सगळं त्या कार्डावर निभावलं होतं. २०१९ साली रत्नागिरीला आलो, घराची डागडुजी झाली आणि मग निवांतपणे मेडिक्लेमची चौकशी करायला बसलो. तेव्हा कळलं, की इथल्या विमा कंपन्यांच्या लेखी मी कालच जन्मलो आहे. तिकडची सव्वीस वर्षं इथे शून्य धरली जातात.

आपल्याकडे एका कंपनीची पॉलिसी दुसरीकडे नेता येते, पण ती सोय भारतातल्याच विमा कंपन्यांमध्ये. दुबई, दोहा किंवा कुवेतमधल्या मालकाने काढून दिलेला ग्रुप विमा इथे कुठेच जोडता येत नाही. व्हिसा रद्द झाला की तो संपला. दुबईत तर २०१३ च्या कायद्याने मालकाला कामगाराचा आरोग्यविमा काढावाच लागतो, त्यामुळे विमा ही आपण घ्यायची गोष्ट असते हेच आपण विसरून गेलेलो असतो. आणि नेमका साठीच्या उंबरठ्यावर, शुगर-बीपी सोबत घेऊन, पहिल्यांदा फॉर्म भरायला बसतो.

गेली काही वर्षं आमच्या भागातले आखातातून परतलेले लोक फॉर्म घेऊन माझ्याकडे येतात. मी एजंट नाही, मला कमिशन नाही. ठेच मला लागली होती एवढंच. त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो.

पहिलं काम: वर्षं उलटी मोजा

साठाव्या वर्षी परतायचं ठरलं असेल तर पॉलिसी सत्तावन्नाव्या वर्षी घ्यायची. तिकडे नोकरी चालू असताना, कंपनीचा विमा हातात असताना.

कारण नव्या पॉलिसीत तीन मुदती पहिल्या दिवसापासून चालू होतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून कशाचेच पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मूतखडा, प्रोस्टेट, सांधेबदल अशा ठरावीक आजारांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं. नियमाने ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते. आणि पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांसाठीही जास्तीत जास्त तीन वर्षं. मी आलो तेव्हा ही शेवटची मुदत चार वर्षांपर्यंत असायची. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ती एप्रिल २०२४ पासून खाली आणली. या मुदती एकापुढे एक लागत नाहीत, एकाच वेळी चालतात. गुडघेदुखी आधीपासून असेल आणि सांधेबदल यादीतही असेल, तर दोन्हींतली मोठी मुदत लागू होते.

चौथा आकडा ६० महिन्यांचा. पॉलिसी सलग पाच वर्षं चालू राहिली की त्यानंतर कंपनीला ‘तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. मध्ये विम्याची रक्कम वाढवली तर वाढीव रकमेपुरती सगळी मोजणी नव्याने सुरू होते.

‘तिकडे विमा असताना इथे दुहेरी प्रीमियम कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ते पैसे उपचाराचे नाहीतच. ती तीन वर्षं कधीतरी काढावीच लागणार आहेत. ती दुसऱ्याच्या छत्रीखाली काढायची की पावसात, एवढाच प्रश्न आहे. मी पावसात काढली. बायकोचा पहिला गुडघा त्याच काळात बदलावा लागला आणि पैसे ग्रॅच्युइटीतून गेले.

अनिवासी भारतीयाला इथली पॉलिसी घ्यायला आडकाठी नाही, ओसीआय कार्डधारकांनाही, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही, घेता येते. फक्त परदेशात राहतो हे फॉर्मवर सांगायचं. काही कंपन्या फोनवरच्या डॉक्टरी मुलाखतीवर पॉलिसी देतात, काहींना इथल्या लॅबमध्येच तपासणी हवी असते. म्हणून हे काम वार्षिक रजेत करा, आणि रजेच्या पहिल्या आठवड्यात. शेवटच्या आठवड्यात तपासणी झाली आणि कंपनीने हृदयाचा टूडी-इको मागितला, की विमान सुटतं आणि प्रस्ताव लोंबकळत राहतो.

शक्य असेल तर तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरा. थोडी सूट मिळते, आणि नूतनीकरण चुकण्याचा धोका जातो. वार्षिक प्रीमियम चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. तीही उलटली तर घड्याळ परत शून्यावर. आखातातल्या माणसाचं नेमकं इथेच फसतं. भारतातला मोबाईल नंबर रिचार्जअभावी बंद पडलेला, ईमेल जुनी, आणि कंपनीचे मेसेज मेव्हण्याच्या फोनवर. पॉलिसीला स्वतःचा चालू असलेला नंबर आणि रोज उघडली जाणारी ईमेल जोडा.

तिकडचे कागद टाकून येऊ नका

सामान बांधताना सोन्याचा आणि टीव्हीचा विचार होतो, फायलींचा होत नाही. निघण्याआधी प्रत्येक हॉस्पिटल-क्लिनिकमधून आपली पूर्ण फाइल मागून घ्या: डिस्चार्ज समरी, जुने रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, ॲंजिओग्राफी झाली असेल तर तिची सीडी. अरबीत काही असेल तर तिथेच इंग्रजी प्रत करून शिक्का मारून घ्या. शुगर कधी निघाली, बीपीची गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, या तारखा एका पानावर लिहून काढा. पुढे हेच पान सगळ्यात जास्त वापरलं जातं.

आणखी एक बारीक भानगड. आखातातल्या बऱ्याच लॅब साखर आणि कोलेस्टेरॉल मिलिमोलमध्ये देतात, आपल्याकडे ते मिलिग्रॅममध्ये मोजतात. तिथे उपाशीपोटी ७ आलेली साखर म्हणजे इथली १२६. मिलिमोलला १८ ने गुणायचं. कोलेस्टेरॉलला साधारण ३८.७ ने. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ ने भागायचं, म्हणजे ९७ आलं असेल तर इथलं १.१. फॉर्मवर ‘शुगर ७’ असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. टेबलापलीकडच्या माणसाने ती एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टक्केवारी, समजली आणि तीन आठवडे पत्रव्यवहार चालला.

फॉर्म स्वतः भरा

एजंट भला असतो, पण घाईत असतो. ‘काका, गोळी चालू आहे हे नका लिहू, प्रीमियम वाढेल, पाच वर्षांनी कोण विचारतंय’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. पाच वर्षांनी खरंच फारसं कोणी विचारत नाही. प्रश्न त्या पाच वर्षांचा आहे.

लपवलेलं बाहेर कसं येतं ते सांगतो. रात्री छातीत दुखतं, मुलगा किंवा पुतण्या कॅज्युअल्टीत घेऊन जातो. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, ‘बीपी किती वर्षांपासून?’ घाबरलेला मुलगा म्हणतो, ‘असेल दहाएक वर्षं.’ डॉक्टर केसपेपरवर दहा वर्षं लिहितो. फॉर्मवर तुम्ही ‘नाही’ लिहिलेलं असतं. क्लेम तिथेच अडतो, कधी पॉलिसीच रद्द होते. ज्यांनी फॉर्मवर खरं लिहिलं पण चार वर्षं लिहिलं, त्यांचाही घोळ होतो. म्हणून मघाचं तारखांचं पान घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या, आणि डॉक्टरला अंदाजे आकडा न सांगता ते दाखवायला सांगा.

नियमानुसार आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला, किंवा ज्यासाठी त्या काळात सल्ला-उपचार घेतला गेला असा. पण फॉर्मवरचा प्रश्न ‘कधीही झालं आहे का’ असा असेल, तर वीस वर्षांपूर्वीचं ॲपेंडिक्सही लिहा. जुन्या ॲपेंडिक्सने प्रीमियम वाढत नाही. शुगरने वाढतो, वाढू द्या. फोनवरची मुलाखत रेकॉर्ड होते हेही लक्षात ठेवा. तिथे दारूबद्दल लाजून ‘क्वचित घेतो’ म्हणू नका, किती घेता ते सांगा.

किती रकमेचा, आणि कुठल्या गावाच्या हिशेबाने

नवरा-बायकोला एकच फ्लोटर, म्हणजे दोघांत मिळून एकच रक्कम असलेली पॉलिसी, घ्यावी की दोन स्वतंत्र पॉलिसी? साठीच्या आसपास मी स्वतंत्रच्या बाजूने आहे. फ्लोटरचा प्रीमियम साधारणपणे दोघांतल्या मोठ्याच्या वयावर चढत जातो, आणि एकाच वर्षी दोघं आजारी पडले तर एकाच भांड्यातून दोघांना वाढावं लागतं. या वयात दोघं एकाच वर्षी आजारी पडतात. चाळिशीत फ्लोटर ठीक.

रक्कम मी माणशी १० लाख धरतो. मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात एका गुडघ्याला अडीच-तीन लाख सहज जातात, आणि आयसीयूत पंधरा दिवस काढावे लागले तर पाच लाखांची पॉलिसी पुरत नाही. दहाचा प्रीमियम परवडत नसेल तर पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर पाच लाखांपुढचं उचलणारा सुपर टॉप-अप घ्या; तो त्यामानाने स्वस्त पडतो. दुकानात ‘टॉप-अप’ आणि ‘सुपर टॉप-अप’ असे दोन जिन्नस मिळतात. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो: तीन लाखांची दोन बिलं झाली तरी एकही पाच ओलांडत नाही, म्हणून तो हलत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो आणि वरचा एक लाख देतो. सुपरच घ्या, आणि मूळ पॉलिसीबरोबरच घ्या, कारण त्याचेही वेटिंग पिरियड, म्हणजे वर सांगितलेल्या थांबायच्या मुदती, वेगळे मोजले जातात.

आता गावाचा मुद्दा, जो मुंबई-पुण्यात बसून लिहिलेल्या माहितीत कधी सापडत नाही. कित्येक कंपन्या देशाचे झोन पाडतात. रत्नागिरी किंवा सावंतवाडीच्या पत्त्यावर प्रीमियम कमी लागतो. मग मुंबईत दाखल झालात तर काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरावा लागतो. आणि कोकणातला माणूस मोठ्या आजाराला कुठे जातो? मुंबईला, पुण्याला, कोल्हापूर-मिरजेला. सिंधुदुर्गातला गोव्यात बांबोळीला. तेव्हा जिथे राहणार त्या गावाचा नाही, जिथे दाखल होणार त्या शहराचा झोन विकत घ्या. ॲम्ब्युलन्सचंही तेच. पॉलिसीत दोन ते पाच हजारांची मर्यादा लिहिलेली असते. ऑक्सिजन लावलेली गाडी घाट चढून पुण्याला जायला त्याच्या कितीतरी पट मागते. ॲम्ब्युलन्सला मर्यादा नसलेल्या पॉलिसी आहेत. गावाकडे राहणाऱ्याने त्या ओळीला किंमत द्यावी.

घराजवळचं छोटं हॉस्पिटल पॉलिसीच्या व्याख्येत बसतं का, तेही विचारून ठेवा. त्याची नोंदणी झालेली असायला हवी, आणि ती नसेल तर खाटांची संख्या बघितली जाते: दहा लाखांखालच्या वस्तीत किमान १०, त्याहून मोठ्या शहरात १५. नोंदणी प्रमाणपत्र बहुधा कॅश काउंटरच्या मागे फ्रेम करून लावलेलं असतं.

पॉलिसीचं एकच पान वाचणार असाल तर

चाळीस पानं कोणी वाचत नाही, मीही वाचली नव्हती. आता प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावं लागतं, साध्या भाषेतलं. मागितलं तर मराठीतही. ते घेऊन बसा आणि आधी रूम रेंट शोधा.

समजा पॉलिसी ५ लाखांची आणि खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही १०,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिलात. बिल झालं ३ लाख: खोली ४०,०००, सर्जन-ऑपरेशन थिएटर-नर्सिंग वगैरे १,६०,०००, औषधं-इम्प्लांट-तपासण्या १ लाख. तुम्हाला वाटतं, खोलीचे वरचे वीस हजार आपण भरू. पण तुम्ही हक्काच्या दुप्पट खोली घेतली म्हणून सर्जन-थिएटरचा खर्चही निम्म्यावर येतो. खोलीचे २०,०००, त्यांचे ८०,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या या कपातीतून वगळलेल्या असतात, त्यांचे पूर्ण १ लाख. कंपनी देते २ लाख. पॉलिसीत २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला स्वतः भरायचा हिस्सा, असेल तर त्यातूनही ४०,००० कमी. तीन लाखांतले एक लाख चाळीस हजार तुमच्या खिशातून, आणि हातमोजे-मास्क-फाइलचे पैसे अजून धरलेच नाहीत. म्हणून खोलीची मर्यादा नसलेली, निदान ‘साधी एसी सिंगल रूम’ असं लिहिलेली पॉलिसी घ्या. फक्त ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींत को-पे हमखास असतो. सर्वसाधारण पॉलिसी मिळत असेल तर ज्येष्ठांच्या खास पॉलिसीकडे वळू नका. एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी मिळण्याच्या वयाला असलेली ६५ वर्षांची जुनी वेस नियमातून गेली आहे. याचा अर्थ प्रत्येक कंपनीने प्रत्येकाला घेतलंच पाहिजे असा नाही, तब्येत बघून नकार येऊ शकतो. पण ‘वय झालं, विषय संपला’ असं कोणी म्हणत असेल तर पुढच्या कंपनीकडे जा.

तुलनेला एक पट्टी हवी असेल तर आरोग्य संजीवनी घ्या. नियामकाच्या सांगण्यावरून २०२० पासून सगळ्या कंपन्या विकतात तो हा ठरावीक साच्याचा मेडिक्लेम: को-पे ५ टक्के, खोलीला रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५,००० पर्यंतच, मोतीबिंदूला डोळ्यामागे ४०,००० पर्यंत. कोणी याहून कडक अटी जास्त पैशांत विकत असेल तर उठून या.

उरलेल्या ओळी भराभर. दाखल होण्याआधीच्या ६० आणि नंतरच्या ९० दिवसांचा खर्च तरी धरलेला असावा. मोतीबिंदू-गुडघ्यावर वेगळी मर्यादा आहे का पाहा. हातमोजे वगैरे किरकोळ वस्तूंचे पैसे देणारा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायची जादा सोय, थोड्या पैशांत मिळतो, घ्या. संपलेली रक्कम परत भरून देणारं रिस्टोरेशन त्याच आजारालाही चालतं का, विचारा. जिमच्या कूपनांकडे बघू नका. आणि ही पॉलिसी भारतातच चालते. मुलीकडे दुबईला महिनाभर जाल तेव्हा प्रवासविमा वेगळा.

घरी आल्यावर पॉलिसी मनासारखी वाटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

कंपनी कोणती

नाव सांगा म्हणून लोक मागे लागतात, मी सांगत नाही. रीत सांगतो. ज्या दोन हॉस्पिटलांत तुम्ही दाखल होण्याची शक्यता आहे, तिथल्या मेडिक्लेम डेस्कवर दुपारी तीनच्या सुमाराला, गर्दी नसताना जा आणि तिथल्या मुलीला विचारा: कोणाची मंजुरी लवकर येते, कोण फार प्रश्न काढतं? जाहिरातीतल्या क्लेम मंजुरीच्या ९८-९९ टक्क्यांपेक्षा तिचं उत्तर कामाचं असतं. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांनी मोठ्या शहरांत ठरावीक हॉस्पिटलांशी पॅकेजचे दर ठरवलेले आहेत. त्यामुळे एखादं हॉस्पिटल खासगी कंपनीला कॅशलेस देतं आणि सरकारीला नाही, असंही होतं.

दरवाढीची भीती खरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने साठीवरच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला, असं कंपन्यांना बजावलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. कोणी जुन्या कोटेशनवर तो लावून देत असेल तर परत पाठवा.

तीन वर्षं हातात नसतील तर

बहुतेक जण याच गटातले असतात. नोकरी अचानक जाते, आई आजारी पडते, तिकीट काढून माणूस परत येतो.

मुलगा किंवा मुलगी भारतात नोकरीला असेल तर आधी त्यांच्या कंपनीचा ग्रुप विमा आईवडिलांना घेतो का ते बघा. त्यात आधीच्या आजारांना सहसा थांबावं लागत नाही. पण ती त्यांच्या नोकरीवर टेकलेली शिडी आहे, म्हणून तिच्यावर उभं राहून स्वतःची पॉलिसी चालू करा आणि इथले वेटिंग पिरियड इथे काढा. हाच मघाचा डाव, फक्त मालक बदलला. मुलाने नोकरी सोडली तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. त्याने राजीनामा देण्याआधी अर्ज करा.

ते शक्य नसेल तर आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड तीनवरून एक वर्षावर आणणारा रायडर घ्या. शुगर, बीपी, दमा यांना महिन्याभरातच संरक्षण देणाऱ्याही पॉलिसी आहेत. महाग पडतात, पण वेळ विकत घ्यायची तर पैसे पडणारच. सोबत ग्रॅच्युइटीतले सात-आठ लाख वेगळ्या मुदत ठेवीत घाला आणि ते घराच्या रंगाला वापरायचे नाहीत असं बायकोसमोर कबूल करा.

सरकारी योजनांना नाक मुरडू नका. सत्तर पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलांत. आधार लागतं, आणि खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले योजना आहे. तिला रेशन कार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो. आखातवाल्यांची नावं रेशन कार्डावरून कधीच उडालेली असतात, ती परत चढवणं हे परतल्यावरचं पहिल्या महिन्याचं काम. गोव्यातल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, त्यामुळे कुवेतहून थेट म्हापशाला उतरलेल्याने तिच्यावर विसंबू नये.

अमेरिका-इंग्लंडहून येणाऱ्यांसाठी दोनच ओळी. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, भारतातल्या हॉस्पिटलचं बिल देत नाही. तरीही त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा हप्ता भरून घ्यायचा भाग, बंद करण्याआधी विचार करा, कारण पुन्हा परत गेलात तर बंद ठेवलेल्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड हप्त्यात जन्मभर चढतो. इंग्लंडची एनएचएस तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. कायमचे इकडे आलात की तो हक्क राहत नाही.

पैसे आणि खातं

प्रीमियम अनिवासींच्या एनआरई किंवा एनआरओ बँक खात्यातून भरता येतो. परतल्यावर ही खाती बदलावी लागतात, आणि इथेच एक गंमत होते: क्लेम मंजूर होतो, पैसे पॉलिसीला जोडलेल्या बंद झालेल्या खात्यात जायला निघतात आणि परत फिरतात. खातं, पत्ता, निवासी दर्जा एकाच दिवशी बदलून घ्या. करात ८०डी खाली भारतात निवासी असलेल्या ज्येष्ठाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, फक्त जुन्या करपद्धतीत, आणि प्रीमियम रोखीने भरलेला नसेल तरच.

दाखल व्हायची वेळ आली की

ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवा. तातडीचं असेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांत. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचं, असा २०२४ चा नियम आहे. तीन तास उलटले तर जास्तीचं खोलीभाडं कंपनीकडून मागता येतं, हे डेस्कवर शांतपणे बोलून दाखवा. बहुधा फोन फिरतो.

नकार आला तर तो लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली ते लिहिलेला. मग आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. सोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. आपल्याकडे मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. अर्ज मराठीत लिहिला तरी तारखा आणि रकमा ठळक लिहा, समोरचा आधी त्या शोधतो.

बायकोचा दुसरा गुडघा चार वर्षं पूर्ण झाल्यावर, २०२४ मध्ये झाला. मंजुरीआधी कंपनीचा प्रश्न आलाच: दुखणं नेमकं कधीपासून? मस्कतच्या हाडांच्या डॉक्टरची पिवळी पडलेली चिठ्ठी फाइलमध्ये होती, आणि फॉर्मवर आम्ही तेच साल लिहिलं होतं. डेस्कवरच्या मुलीने तिचा फोटो काढून पाठवला. आम्ही खाली कँटीनमध्ये चहा घेऊन वर येईपर्यंत मंजुरी आली होती.